गोंदियाच्या तलावांसाठी पहिली कयाक घेताना

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह ही मोठी नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याखेरीज गावोगावचे मालगुजारी तलाव, ज्यांना सगळेच मामा तलाव म्हणतात, ते वेगळे. एवढे पाणी दाराशी असताना हौसेने वल्हे मारायला जाणारी माणसे मात्र फार थोडी. ज्यांच्या मनात ही हौस आहे, पण खिसा बेताचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रविवारी सकाळी दोन-अडीच तास शांत पाण्यावर काढायचे, फार तर एखाद्या मुलाला पुढे बसवायचे, एवढीच अपेक्षा धरली आहे. समुद्र, खळाळत्या नद्या आणि स्पर्धा यांचा इथे विचार नाही.

इंटरनेटवर कयाकच्या खरेदीबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक परदेशातल्या खोल, स्वच्छ, थंड तलावांना धरून दिलेले असतात. आपले तलाव उथळ आहेत, गाळाचे आहेत, वनस्पतींनी भरलेले आहेत आणि कुणाच्या तरी पोटापाण्याचे आहेत. म्हणून दुकानात जाण्याआधी आपण कोणत्या पाण्यात उतरणार ते ठरवा आणि त्या तलावाच्या काठाने एकदा पायी हिंडून या. अर्ध्याहून अधिक निर्णय तिथेच होतात.

मामा तलावाची रचना डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मातीची पाळ, तिला आतून बहुधा दगडांचे अस्तर. समोरच्या बाजूला जमीन हळूहळू चढत धानाच्या बांध्यांना जाऊन मिळते. खोल पाणी पाळीजवळ; पलीकडे गुडघाभर पाणी आणि त्याखाली पाय रुतेल असा गाळ. म्हणजे कयाक पाण्यात सोडायची ती पाळीवरूनच, उतारावरून, दगडांवरून. तीस किलोची कयाक दुकानात दोघांनी उचलून पाहताना हलकी वाटते. तीच एकट्याने पाळीवर चढवून पलीकडे उतरवायची म्हटले की दम निघतो. विक्रेत्याला पहिला प्रश्न वजनाचा विचारा, आणि दुकानातच ती एकट्याने उचलून वीस पावले चाला.

आता प्रकार. स्वस्तातल्या कयाक तीन तऱ्हेच्या मिळतात. पहिली हवा भरायची. दुसरी कडक प्लॅस्टिकची, जिच्या आत पाय घालून बसतात. तिसरीही कडक प्लॅस्टिकचीच, पण तिच्यावर उघडे बसायचे असते. तिला सिट-ऑन-टॉप म्हणतात. याखेरीज फायबरच्या बोटी बनवणारे कारागीर मागणीप्रमाणे कयाकही करून देतात. फायबर दगडावर आपटले की तडकते आणि त्याच्या कडा हाताला लागतात, पण रेझिन लावून दुरुस्ती मात्र सोपी असते.

नवख्या माणसाने आपल्याकडे सिट-ऑन-टॉप घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पोकळ आणि चहूबाजूंनी बंद असते. बसायच्या जागेत छोटी आरपार भोके असतात, त्यांना स्कपर म्हणतात. आत उडालेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते. ती उलटली तर तुम्ही सरळ पाण्यात पडता, कुठे अडकत नाही, आणि तिला पुन्हा सुलटी करून वर चढता येते. आत बसायची कयाक उलटली की तिच्यात पाणी भरते. मग ती काठापर्यंत ओढत न्यावी लागते, आणि आपला काठ गाळाचा. सिट-ऑन-टॉपचा तोटा एवढाच की बूड ओले होते. विदर्भात थंडीची नोंद होते तेव्हा गोंदियाचे नाव बरेचदा तळाला असते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ओल्या कपड्यांत बसणे सुखाचे नाही. लवकर वाळणारी पँट आणि एक जादा जोड सोबत ठेवला की भागते.

मापांचा घोळ घालू नका. लांबी नऊ ते अकरा फूट, रुंदी तीस इंचांच्या आसपास किंवा थोडी जास्त, एवढे पुरे. लांब आणि अरुंद कयाक वेगाने आणि सरळ जाते, पण डगमगते. आखूड आणि रुंद कयाक हळू जाते, वल्हे मारताना नाक डावी-उजवीकडे फिरवते, पण बसल्यावर स्थिर वाटते. शांत तलावावर पक्षी पाहत फिरणाऱ्याला वेगाचे काम नाही. रुंद, सपाट तळाची कयाक वीतभर पाण्यातही तरते, हा आपल्या उथळ तलावांत मोठा फायदा.

वजनाची मर्यादा मात्र नीट वाचा. कयाकवर लिहिलेला आकडा हा तिने बुडू नये एवढ्यापुरता असतो. त्या आकड्याला ती नीट चालेलच असे नाही. लिहिलेल्या मर्यादेच्या दोन-तृतीयांश वजनापर्यंतच ती सुखाने वल्हवता येते, असा हिशेब धरावा. माणूस ऐंशी किलोचा, त्यात पाणी, पिशवी, जॅकेट मिळून पाच-सहा किलो. तर मर्यादा किमान सव्वाशे-एकशे तीस किलो हवी. इंटेक्सची चॅलेंजर के-१ ही हवेची एकेरी कयाक पुष्कळ जण पहिली म्हणून पाहतात. तिची मर्यादा १०० किलो आहे. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ती चालेल, ऐंशीच्या माणसाने तिचा नाद सोडावा. त्याच कंपनीची दोघांची एक्सप्लोरर के-२ १८० किलोंची आहे. साठ-साठ किलोचे दोघे तिच्यात ठीक बसतील, दोन भरदार माणसे नाहीत.

हवेच्या कयाकबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण स्वस्त म्हणून सगळ्यांची नजर तिच्यावरच जाते. तिचे गुण खरे आहेत. पंधरा किलोच्या आसपास वजन, पिशवीत घडी घालून मोटारसायकलच्या मागे बांधता येते, घरात कपाटावर राहते. नागपूरहून रेल्वेने आणायची झाली तरी सामानात येते. कडक कयाकला गाडीवर कॅरिअर हवे, घरी दहा फुटांची सावलीची जागा हवी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला हवेची कयाक हाच एक पर्याय उरतो, हे मी समजू शकतो.

पण आपल्या तलावांत शिंगाड्याची लागवड होते, आणि खरेदी करणाऱ्याच्या हे ध्यानातच येत नाही. शिंगाड्याच्या फळाला दोन बाजूंना टोकदार शिंगे असतात. टरफल वाळून कडक होते, काठाच्या गाळात पडून राहते आणि त्याची टोके बोथट व्हायला फार काळ लागतो. अनवाणी उतरलेल्या माणसाच्या तळव्यात ती घुसतात, तिथे पातळ पीव्हीसीची काय कथा. काठावर बाभळीचे काटे आहेत ते निराळेच. बेशरमीची झुडपे जिथे पाण्यात शिरली आहेत तिथे तोडलेल्या दांड्यांचे खुंट पाण्याखाली उभे असतात. उन्हाळ्याकडे पाणी उतरले की हे सगळे कयाकच्या तळाच्या आणखी जवळ येते. ज्या तलावात शिंगाडा लावतात तिथे साध्या पीव्हीसीची कयाक नेऊच नका. हवेचीच घ्यायची असेल तर जिच्या तळाला जाड कापडी आवरण आहे अशी पाहा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. हवेचे कप्पे किमान तीन असावेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीच्यांवर काठ गाठता येतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. हवा तापली की पसरते. पहाटे गार हवेत टणक फुगवलेली कयाक दहा वाजता पाळीवर उन्हात ठेवली तर शिवणीवर ताण येतो. मे महिन्यात तर ती फाटूही शकते. आधी बेताची हवा भरा, पाण्यात सोडा, पाण्याने ती गार होऊन जरा नरम पडली की मग दाब पुरा करा. बाहेर काढल्याबरोबर सगळ्या व्हॉल्व्हमधून थोडी थोडी हवा सोडा, चहा प्यायला जाण्याआधी. दाब मोजायची पट्टी किंवा मीटर सोबत येतो तो फेकू नका.

हवेच्या कयाकखाली एक पाते लावायचे असते, त्याला फिन म्हणतात. त्यामुळे ती सरळ जाते. पण कमळाच्या देठांत, पाणवनस्पतींत आणि कोळ्याच्या जाळ्यात तीच फिन अडकते. वनस्पती दाट असतील तिथे फिन काढून ठेवा. नाक इकडेतिकडे फिरेल, ते सोसा.

किमतींचे आकडे हंगामाप्रमाणे आणि विक्रेत्याप्रमाणे बदलतात, त्यामुळे क्रम तेवढा लक्षात ठेवा. साधी पीव्हीसीची हवेची कयाक सगळ्यांत स्वस्त, कापडी आवरणाची तिच्या वर, कडक प्लॅस्टिकची एकेरी सिट-ऑन-टॉप त्याहून वर. ड्रॉप-स्टिच पद्धतीची हवेची कयाक, जी फुगवल्यावर फळीसारखी ताठ होते, ती कडक प्लॅस्टिकच्याही वर जाऊ शकते. पहिल्या खरेदीला तिची गरज नाही. कडक कयाक लांबून मागवाल तर वाहतुकीचा खर्च आधी विचारा. बोजड वस्तू असल्याने तो बराच येतो. एकूण बजेटचा चौथा हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढा. त्यात लाइफ जॅकेट आणि बरे वल्हे येईल. तो हिस्सा काढल्यावर जी कयाक बसते, ती तुमची कयाक.

दोन कुटुंबांनी मिळून एक घेणे हा मला उत्तम मार्ग वाटतो. आठवड्यातून एकदा वापरायची वस्तू आहे. फक्त दोघांची वजने आणि उंच्या पाहून घ्या. दोन सीटच्या कयाकमध्ये एकटाच मागे बसला की नाक वर उचलले जाते आणि वारा तिला फिरवतो; म्हणून दुहेरी घेतलीत तर जिची सीट मधोमध सरकवता येते अशी निवडा.

जुनी कयाक मिळाली तर सोन्याहून पिवळे, पण तपासून. समुद्रकिनाऱ्यावरच्या व्यावसायिकांकडे वापरलेल्या सिट-ऑन-टॉप असतात आणि त्या कधीकधी विक्रीला निघतात. तिचा रंग फिका पडून पृष्ठभाग खडूसारखा झाला असेल, नखाने ओरखडा काढल्यावर पूड निघत असेल, तर प्लॅस्टिक उन्हाने कुजले आहे. ती घेऊ नका. तळ अंगठ्याने दाबून पाहा. बसायच्या जागेखाली, स्कपरच्या भोकांच्या कडेने आणि शेपटाकडे, जिथे ती जमिनीवर घासत ओढली जाते, तिथे बारीक चिरा असतात. मागच्या टोकाला निचऱ्याचे बूच असते. ते उघडून आत दोन बादल्या पाणी ओता, बूच लावा, कयाक दोन्ही बाजूंनी कलवा आणि बाहेरून कोरडे फडके फिरवा. जिथे फडके ओले झाले तिथे भेग. नुसते ओरखडे दिसले तर घाबरायचे कारण नाही, ते प्रत्येक वापरलेल्या कयाकवर असतात. हवेची जुनी कयाक असेल तर फुगवून रात्रभर ठेवा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा; थंडीच्या रात्री हवा आकसून ती थोडी नरम पडेलच, तेवढ्यावरून फुटकी ठरवू नका.

वल्हे दोन्ही टोकांना पाती असलेले लागते. रुंद सिट-ऑन-टॉपसाठी २३० ते २४० सेंटिमीटर लांबीचे घ्या. आखूड असेल तर दर फटक्याला बोटे कयाकच्या कडेवर घासतात. हवेच्या कयाकसोबत फुकट मिळणारे ॲल्युमिनियमचे वल्हे सुरुवातीला चालते, पण उन्हात ठेवले की दांडा चटका देतो. पुढे पैसे जमतील तेव्हा फायबरग्लासच्या दांड्याचे घ्या. मनगटे दुखायची कमी होतात.

आता लाइफ जॅकेट. पुष्कळ घरांत कयाकवर खर्च होतो आणि जॅकेट सर्वांत स्वस्त शोधले जाते. हे उलटे व्हायला हवे. जॅकेटवर तरण्याची क्षमता न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट हे पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला साहाय्य म्हणून असते. १०० न्यूटनचे, मानेमागे गादी असलेले जॅकेट तोंड पाण्याबाहेर ठेवायला मदत करते. ज्याला पोहता येत नाही त्याने आणि मुलांनी १०० न्यूटनचेच घालावे. ज्यावर आकडा किंवा मानकाची खूण छापलेलीच नाही असे नारिंगी जॅकेट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यावरून ते वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे. मुलाचे जॅकेट दोन वर्षांनी होईल म्हणून मोठे घ्यायची आपली सवय शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, इथे नाही. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि गळ्यात एक शिट्टी.

पाण्यात उतरण्याआधी परवानगीचे पाहा. प्रत्येक तलावाला धनी आहे. कुठे पाटबंधारे विभाग, कुठे जिल्हा परिषद, कुठे वन विभाग. मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गावातल्या ढिवरांना भेटल्याशिवाय कयाक पाण्यात घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पाण्याखाली खुंट कुठे आहेत, गाळ कुठे खोल आहे, तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून, पाणी कधी सोडतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळे आहे. वळसा घालून जा. अडकलातच तर वल्हे उलटे मारून मागे या, हाताने जाळे सोडवा, सुरी चालवू नका. त्या जाळ्यावर एक घर चालते. शिंगाड्याच्या वेलांतून कयाक घालणे म्हणजे उभ्या पिकातून गाडी घालणे.

नवेगावबांधची गोष्ट वेगळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला, सुमारे ११ चौरस किलोमीटरचा हा तलाव. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे मराठी वाचकाला तो न पाहताही ओळखीचा असतो. १९७५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. त्यामुळे तिथे स्वतःची कयाक घेऊन जाण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. शिवाय एवढ्या मोठ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात आणि स्वस्तातली हवेची कयाक पानासारखी वाहत जाते. पहिले काही महिने लहान तलाव पुरेत. वैनगंगेवर, विशेषतः तिरोडा तालुक्यात धापेवाडा योजनेच्या बॅरेजच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, नवख्याने अजिबात जाऊ नये. दारांतून पडणारे पाणी खाली भोवऱ्यासारखे मागे ओढते आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सुटत नाही.

गोंदियात सारस आहेत, महाराष्ट्रात इतरत्र जवळजवळ नाहीत. पावसाळ्यात ते धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या उथळ कडेला घरटी करतात. कयाकचा आवाज होत नाही, म्हणून आपण नकळत फार जवळ जातो. पक्ष्याने मान ताठ करून आपल्याकडे पाहिले की तिथेच थांबायचे आणि मागे यायचे. तो उडून जाईल इतके जवळ जायचे नाही. हिवाळ्यात पाहुण्या बदकांच्या थव्यांना हाच नियम. फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला तुमच्यासोबत नेऊ नका.

हंगाम ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला. मार्चपासून पाणी उतरते, रबीच्या धानाला पाणी सुटते, दुपारी वारा वाढतो. एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात विजा पडतात; लांब गडगडाट ऐकू आला तरी लगेच काठ गाठा, कारण उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. भर पावसाळ्यात सांडव्याकडे ओढ असते, तेव्हा कयाक घरीच बरी.

पहिल्या दिवशी कुठे फिरायला जाऊ नका. छातीइतक्या पाण्यात, तळ घट्ट आहे अशा जागी, काठावर एक पोहणारा माणूस उभा करून, कयाक मुद्दाम उलटी करा. सिट-ऑन-टॉप असेल तर पलीकडची कड धरून तिला सुलटी करा. मग बाजूने येऊन दोन्ही हात पलीकडच्या कडेपर्यंत न्या, पाय मागे पाण्यात हलवत पोट आडवे टाका, कुशीवर वळून बूड सीटवर आणा आणि पाय शेवटी. घाईने गुडघ्यावर चढायला गेलात तर ती पुन्हा उलटते. हे तीन-चार वेळा जमेपर्यंत खोल पाण्याकडे वळू नका. गाळात उडी मारून उतरायचे नाही, हेही त्याच दिवशी अंगवळणी पाडा. गाळात पाय रुतला तर कयाकच्या कडेवर अंग टाकून आडवे व्हा आणि पाय हळूहळू सोडवा, उभ्याने ओढाताण करू नका.

हंगाम संपला की कयाक गोड्या पाण्याने धुवा. तिच्यावर चिकटलेले जलपर्णीचे तुकडे एका तलावातून दुसऱ्यात जाऊ देऊ नका. कडक कयाक सावलीत, आडवी, दोन रुंद पट्ट्यांवर टांगून ठेवा; दोरीवर ठेवली तर उन्हाळ्याच्या उष्णतेने तळाला खाच पडते. गाडीवर बांधतानाही पट्टा हाताने ताणता येईल एवढाच आवळा. हवेची कयाक पूर्ण वाळवल्याशिवाय घडी करू नका, नाहीतर बुरशी धरते, आणि धानाच्या पोत्यांजवळ ठेवू नका, उंदीर कुरतडतात. ऑक्टोबरात बाहेर काढाल तेव्हा ती फुगवून एक रात्र अंगणात ठेवा, शिवणी आणि व्हॉल्व्ह तपासा, जॅकेटचे पट्टे आणि बकल ओढून पाहा, मगच तलावावर न्या.